पंक्तीतला प्रवासी : मद्रासचे तीन इटालियन पाहुणे

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची मराठीतील चर्चा बहुधा दोन अंगांनी होत आली आहे. स्थलवर्णन किती चित्रदर्शी आहे हे पाहणे, हे एक अंग. आणि त्या वर्णनातून लेखकाचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रकट होते याचा शोध घेणे, हे दुसरे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) प्रसिद्ध झाल्यापासून दुसऱ्या अंगाला अधिक महत्त्व आले आणि ते योग्यच झाले. परंतु या दोन्ही अंगांच्या चर्चेत प्रवाशाच्या जेवणाला मात्र स्थान मिळाले नाही. खाण्यापिण्याचे उल्लेख म्हणजे मुख्य मजकुराच्या तोंडी लावणे, फार तर विनोदनिर्मितीचे एक साधन, असेच आपण मानीत आलो. वस्तुतः पाहणे आणि जेवणे या प्रवासातील दोन वेगळ्या जातीच्या क्रिया आहेत. पाहणारा अंतर राखून पाहू शकतो. त्याला कोणाची अनुमती लागतेच असे नाही. जेवणाऱ्याला मात्र कोणीतरी वाढावे लागते, कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते आणि परके अन्न स्वतःच्या देहात घ्यावे लागते. म्हणून प्रवासलेखकाचे परक्या समाजाशी नेमके कोणते नाते आहे, हे त्याच्या स्थलवर्णनापेक्षा त्याच्या ताटावरून अधिक खात्रीने कळते.

हे विधान तपासून पाहण्यासाठी मद्रास हे नगर सोयीचे आहे. १९९६ साली त्याचे नाव चेन्नई झाले. आज दोन-तीन दिवसांच्या सहलीत कपालीश्वराचे देऊळ, सांतोमचे चर्च, सेंट जॉर्ज किल्ला आणि मरीना ही स्थळे पाहून प्रवासी परततो. मराठी प्रवासी असेल, तर शिवाजी महाराज ज्या कालिकांबाळ देवळात दर्शनाला येऊन गेल्याचे सांगितले जाते, तेथेही तो जातो. संध्याकाळी त्याच शहरात त्याला पिझ्झा आणि पास्ता मिळतो. इटलीचे खाणे चेन्नईत खावे काय, त्यात ‘अस्सल’ किती, हा त्याच्या गप्पांचा विषय होतो. पण इटलीचा आणि या किनाऱ्याचा संबंध आजच्या उपाहारगृहांच्या फार पूर्वीचा आहे. तीन इटालियन माणसांनी या परिसराशी तीन प्रकारचे नाते जोडले, आणि त्या तिघांच्याही वृत्तांतात वा चरित्रात अन्नाचा प्रश्न मध्यवर्ती आहे.

पहिला व्हेनिसचा मार्को पोलो. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो चीनहून परतताना दक्षिण भारताच्या किनाऱ्याने गेला. त्याचा वृत्तांत १२९८ साली जिनोआच्या बंदिवासात रुस्तिकेल्लो नावाच्या लेखकाने शब्दबद्ध केला. पोलोचा मजकूर पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करीत नाही. सर्व काही एकाच निश्चित स्वरात येते. तमिळ प्रदेशातील लोक उजव्या हातानेच जेवतात, डावा हात अन्नाला लावीत नाहीत, प्रत्येकजण आपापल्या भांड्याने पाणी पितो आणि तेही ओठ न लावता, हे तो नोंदवितो. आपल्या घरातील नित्याचे आचार सातशे वर्षांपूर्वीच्या व्हेनिसकराने टिपलेले पाहून मराठी वाचकाला कौतुक वाटते. पण ही नोंद व्यापाऱ्याची आहे. मालाचे गुणधर्म सांगावेत तसे तो आचार सांगतो. त्या पंगतीत तो स्वतः कोठे बसला होता, त्याला कोणी वरून पाणी वाढले काय, ते त्याला पिता आले काय, याचा मागमूस नाही.

मात्र संत थॉमसच्या समाधीच्या स्थळाविषयी लिहिताना याच पोलोच्या हातून एक विलक्षण तपशील येऊन जातो. या आडबाजूच्या लहानशा गावी व्यापारी फारसे जात नाहीत. पण ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही यात्रेला येतात, तेथील तांबडी माती बरोबर नेतात आणि ताप आलेल्याला ती पाण्यातून पाजतात, असे तो सांगतो. येथे स्थळ हा केवळ पाहण्याचा विषय राहत नाही. ते पोटात घेण्याचा विषय होतो. अंगारा आणि तीर्थ यांची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाहणे आणि ग्रहण करणे यांतील भेद पोलोने तत्त्व म्हणून मांडलेला नाही, पण त्याच्या वृत्तांताने तो जपून ठेवला आहे.

दुसरा पाहुणा रोबेर्तो दे नोबिली. १५७७ साली रोममध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मोपदेशक १६०५ साली गोव्यास आला आणि पुढे मदुराईला गेला. तेथे त्याने संन्याशाची वस्त्रे घेतली, मांस वर्ज्य केले आणि ब्राह्मणाच्या हातचे शाकाहारी अन्न दिवसातून एकदा घेण्याचा नेम पाळला. तमिळ आणि संस्कृत या भाषा त्याने आत्मसात केल्या. त्याच्या आचारावरून चर्चमध्ये जो वाद उठला, त्याचा निर्णय १६२३ साली पोपच्या आज्ञापत्राने त्याच्या बाजूने लागला. आयुष्याच्या अखेरीस, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, तो मैलापूरला राहिला आणि १६५६ साली तेथेच वारला.

वरवर पाहता दे नोबिली हा आपल्या निकषाचा आदर्श ठरावा. त्याने परक्याचे ताट केवळ चाखले नाही, तर जन्मभराचे म्हणून स्वीकारले. पण येथेच निकष अधिक काटेकोर करावा लागतो. त्याच्या ताटाने त्याला उच्चवर्णीयांच्या घरात प्रवेश मिळवून दिला, आणि त्याच ताटाने त्याला मदुराईतील आपल्या पोर्तुगीज सहकाऱ्यापासून दूर केले. कारण तो सहकारी खालच्या मानलेल्या जातींतील ख्रिस्ती लोकांमध्ये वावरत होता. म्हणजे परक्या समाजाचे अन्न स्वीकारताना दे नोबिलीने त्या समाजाचा पंक्तिभेदही स्वीकारला. दलित साहित्याने अन्नाविषयी, उष्ट्याविषयी आणि वाढणाऱ्या हाताविषयी जे प्रश्न मराठीत उभे केले, त्यांनंतर या चरित्राकडे नुसत्या कौतुकाने पाहता येणार नाही. ‘तेथील लोकांसारखे जेवलो’ असे प्रवासी लिहितो, तेव्हा कोणत्या लोकांसारखे, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे.

तिसरा पाहुणा निकोलाव मनुची. मराठी वाचकाला तो परिचित आहे तो प्रामुख्याने इतिहासाचा साक्षीदार म्हणून. १६६५ साली मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत त्याने शिवाजी महाराजांना पाहिले आणि त्यांच्याशी संभाषण केले. हा व्हेनिसकर पोरवयात घर सोडून निघाला आणि १६५६ साली, म्हणजे दे नोबिली ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, सुरतेस उतरला. १६८६पासून त्याचा संसार मद्रासला होता. वैद्यकी, दुभाषेपणा आणि मध्यस्थी यांवर त्याने पोट भरले. त्याचा प्रचंड वृत्तांत इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा तीन भाषांत मिळून लिहिला गेला. पॅरिसमध्ये कात्रू या जेझुइटाने १७०५ साली तो आपल्या पद्धतीने आटोपून छापला. मनुची त्यामुळे संतापला. विल्यम आयर्विन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९०७-०८ साली निघाले, तेव्हा मूळ ग्रंथाचा विस्तार जगाला कळला.

मनुचीच्या ग्रंथातील दरबारी कथांवर इतिहासकारांनी भरपूर शंका घेतल्या आहेत. पण सुरतेस उतरल्यावरचा विड्याचा प्रसंग कोणत्याही काळातील प्रवासवाङ्मयात मानाने बसेल असा आहे. लोक जिकडेतिकडे तांबडे थुंकताना पाहून हा काही रोग असावा असे त्याला वाटते. एक इंग्रज स्त्री त्याला विडा देते. तो खाताच त्याला भोवळ येते, तो कोसळतो, मरण आले असे मानतो. आणि ती स्त्री त्याच्या तोंडात मीठ घालून त्याला शुद्धीवर आणते. या प्रसंगाचे बळ कशात आहे? लेखक येथे पाहण्यापासून सुरुवात करतो आणि त्याचे पाहणे चुकीचे ठरते. ही चूक त्याला केवळ तोंडी स्पष्टीकरणातून उमगत नाही. त्याच्या जिभेवर आणि डोक्यात ती उलगडते. परक्याचा आचार हा रोग नसून स्वाद आहे, हे ज्ञान त्याला स्वतःची फजिती करून घेऊन मिळते. उलट, उत्तरायुष्यात दक्षिणेतील हिंदूंच्या चालीरीतींविषयी तो लिहितो, तेव्हा त्याच्या लेखनात सहानुभूती क्वचितच दिसते. तेथे तो निवाडा करणारा आहे. विड्याने कोसळणारा तरुण तेथे उरलेला नाही. केवळ दीर्घ वास्तव्याने दृष्टी खोल होते हा आपला समज या तुलनेने डळमळीत होतो. सुरतेतील पहिल्या दिवसांचा अनुभव मद्रासमधील अनेक वर्षांच्या माहितीपेक्षा वाङ्मयदृष्ट्या सरस उतरला आहे.

जेवणाला भाबडेपणाने आपुलकीचे प्रतीक मानू नये, याचाही दाखला मनुचीच्या मद्रासमध्येच सापडतो. मोगल सुभेदार दाऊदखान याच्याशी बोलणी करण्यासाठी कंपनीने ज्यांना पाठविले, त्यांत मनुची होता. १७०१ साली कंपनीने दाऊदखानाला किल्ल्यात मेजवानी दिली. लहानमोठे मिळून सुमारे सहाशे पदार्थ होते, अशी कंपनीच्या दप्तरात नोंद आहे. पुढच्याच वर्षी त्याच दाऊदखानाने मद्रासची तीन महिन्यांहून अधिक काळ कोंडी केली आणि पैसे घेऊनच ती उठविली. पदार्थांची संख्या सांगणारी नोंद आणि विड्याचा प्रसंग यांतील अंतर हेच दप्तर आणि साहित्य यांतील अंतर आहे.

या पार्श्वभूमीवर ‘अस्सल’ चवीचा आजचा आग्रह किती तकलादू आहे, हेही ध्यानात येते. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. टोमॅटोच्या सॉसची छापील पाककृती इटलीत आली ती अंतोनिओ लातिनीच्या १६९२ ते १६९४ या काळात नेपल्समध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, आणि तिथेही ती स्पॅनिश पद्धतीची म्हणून. व्हेनिसहून निघालेल्या मनुचीच्या जिभेवर ती चव असण्याचा संभवच नाही. इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ साली झाले, आणि निरनिराळ्या प्रांतांच्या पाककृतींना एक राष्ट्रीय रूप देणारा पेल्लेग्रिनो आर्तुसीचा ग्रंथ १८९१ साली निघाला. आपल्याकडेही तंजावरच्या मराठी राजवाड्यात सांबार जन्मले ही कथा आवडीने सांगितली जाते. तिला आधार कथेचाच आहे. पण तंजावरच्या मराठ्यांच्या पदरी रघुनाथ पंडिताने लिहिलेला ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ मात्र प्रत्यक्ष उपलब्ध आहे, आणि अन्नाचा विचार ही शास्त्राची बाब मानली जात होती याची तो साक्ष देतो. कोणते अन्न कोणाचे, याचा निवाडा करणे प्रवासलेखकाला आवश्यक नाही. ते अन्न आपल्यापर्यंत कसे आले आणि आपण ते कसे स्वीकारले, एवढे त्याने सांगितले तरी पुरे.

मराठी प्रवासवर्णनात ही जाण नव्हती असे नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८८३ साली लिहिलेला आणि १९०७ साली प्रकाशित झालेला ‘माझा प्रवास’ भिक्षुकाने लिहिला आहे. यजमान, दक्षिणा आणि भोजन हे त्याच्या निर्वाहाचे प्रश्न होते, म्हणूनच १८५७च्या धामधुमीतील त्याची भूक आणि त्याचे भय एकाच विश्वासार्हतेने उतरतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) मराठी जिभेलाच प्रवासाची नायिका केले. मीना प्रभू यांनी ‘रोमराज्य’ या दोन भागांतील ग्रंथात इटलीला मराठीत सविस्तर स्थान दिले. या परंपरेनंतर आज जे अल्पमुदतीच्या सहलींचे लेखन विपुल प्रमाणात होते, त्यात स्थळांची यादी आणि पदार्थांची यादी शेजारीशेजारी येतात. ते लेखन अल्पमुदतीचे आहे हा त्याचा दोष नव्हे. मनुचीच्या विड्याला काही क्षणच लागले होते. दोष आहे तो असा, की त्या लेखनात खाणाऱ्याला काहीच होत नाही. पदार्थ उत्तम होता, एवढाच त्याचा निष्कर्ष.

तेव्हा प्रवासवर्णन अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याने लेखकाने काय पाहिले याबरोबरच आणखी काही प्रश्न विचारावेत. त्याला कोणी वाढले, तो कोणाशेजारी बसला, त्या पंक्तीबाहेर कोण राहिले, आणि जेवून उठलेला लेखक जेवायला बसलेल्या लेखकाहून काही वेगळा झाला काय? पोलोला हे प्रश्न सुचले नाहीत, दे नोबिलीने त्यांतील तिसऱ्याकडे पाठ फिरविली, आणि मनुचीने चौथ्याचे उत्तर एकदाच, पण मनापासून दिले. चेन्नईच्या किनाऱ्यावर उद्या पास्ता खाऊन लिहावयास बसणाऱ्या मराठी लेखकालाही हे चारही प्रश्न लागू आहेत.