रडणारे झोंबी आणि विषाणूचा बहाणा

मराठीत 'झोंबी' म्हटलं की आधी आनंद यादव आठवतात, आणि ते बरोबरच आहे. आजचे झोंबी मात्र वेगळे आहेत. तैपेईच्या मेट्रोत, नाश्त्याच्या दुकानात, रुग्णालयाच्या बोळात माणसांना फाडणारे. आणि पडद्यावरचे झोंबी एरवी जे कधीच करत नाहीत ते करणारे: हे झोंबी रडतात.

चित्रपटाचं नाव 'द सॅडनेस'. तैवानमध्ये तो जानेवारी २०२१मध्ये लागला. दिग्दर्शक रॉब जब्बाझ मूळचा कॅनडाचा, तैवानमध्ये राहून अॅनिमेशन करणारा, आणि हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. बजेट कमी, मोठे चेहरे नाहीत, रक्त आणि जखमा बहुतेक संगणकावर न करता मेकअपवाल्यांनी हातानं बनवलेल्या. त्याच वर्षी तो लोकार्नोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२२मध्ये शडर या भयपटांच्या ओटीटीवर आला. मूळ चिनी नावात 'रडणं' आणि 'दुःख' अशी दोन अक्षरं आहेत. त्यांचा उच्चार तैवानी बोलीतल्या एका रोजच्या शिवीच्या जवळ जातो. आपण वैतागून 'कोण मेलंय म्हणून रडतोस?' म्हणतो ना, साधारण त्याच जातीची शिवी.

दोन सूचना आधीच देते. एक, पुढे कथानक उघड केलं आहे. दोन, हा चित्रपट खरोखर सहन न होणारा आहे, त्यात लैंगिक हिंसा भरपूर आहे, आणि 'बघाच' असं मी कुणालाही सांगणार नाही. मग लिहायचं कशाला? कारण त्यात विज्ञानाच्या नावाखाली एक दावा केलेला आहे आणि तो मला चुकीचा वाटतो. गंमत म्हणजे तो चुकीचा का आहे हे चित्रपटातलाच सगळ्यात चांगला प्रसंग दाखवून देतो.

गोष्ट छोटी आहे. जिम आणि कॅट हे तरुण जोडपं. देशात 'अल्विन' नावाच्या विषाणूची साथ वर्षभर चालू आहे, पण लक्षणं सर्दी-तापाची, त्यामुळे लोक कंटाळलेत. एक विषाणूतज्ज्ञ टीव्हीवर ओरडून सांगतोय की हा विषाणू बदलू शकतो. निवेदकाला ते निवडणुकीचं राजकारण वाटतं. जिम कॅटला स्कूटरवरून मेट्रो स्टेशनला सोडतो, आणि त्याच सकाळी विषाणू बदलतो. मग दिवसभर दोघं शहराच्या दोन टोकांवरून एकमेकांपर्यंत पोचायची धडपड करतात.

यातला उपहास तैवानच्या संदर्भात बघायला हवा. २००३मध्ये सार्सच्या साथीत तैपेईचं हपिंग रुग्णालय आत हजाराहून जास्त माणसं असताना एकाएकी बंद केलं गेलं होतं. ती जखम त्या देशाला आठवत होती, म्हणूनच २०२०मध्ये तो लवकर जागा झाला. १२ एप्रिल ते २२ डिसेंबर २०२० असे सलग २५३ दिवस तिथे कोविडचा एकही स्थानिक रुग्ण सापडला नाही. जगात बहुतेक ठिकाणी थिएटरं बंद असताना तैवानमधली चालू होती, आणि त्या चालू थिएटरांत हा चित्रपट लागला. म्हणजे साथ जवळपास रोखून धरलेल्या देशानं 'आपण ऐकलं नसतं तर?' हा प्रश्न सगळ्यात रक्तबंबाळ पद्धतीनं विचारला. थेट प्रक्षेपणात राष्ट्राध्यक्षांचं जे होतं ते इथे सांगत नाही, पण थिएटरमध्ये त्यावर हसू आणि किंकाळी एकदमच आली असणार.

आता तो चांगला प्रसंग. कॅट मेट्रोत बसून पुस्तक वाचतेय. शेजारी सुटातला, पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस येऊन बसतो. पुस्तकाबद्दल विचारतो, मग तिच्या दिसण्याबद्दल बोलतो. ती सभ्यपणे टाळते. तो थांबत नाही. ती 'प्लीज मला वाचू द्या' म्हणते तर तो दुखावला जातो, आणि हल्लीच्या मुलींना साधं बोललेलंही कसं चालत नाही यावर भाषण देतो. एकटीनं प्रवास करणाऱ्या कुठल्याही मुलीला हा माणूस दाखवा, ती ओळखेल. वांग त्झु-च्यांग या नटानं तो इतका साधा केलाय की भीती तिथेच बसते.

थोड्या वेळानं त्याच डब्यात कत्तल सुरू होते आणि या माणसालाही संसर्ग होतो. मग हातातली छत्री घेऊन तो उरलेला चित्रपटभर कॅटच्या मागे लागतो. लक्षात घ्या, तो वाटेत दिसेल त्याला चावत सुटलेला नाही. त्याला कॅटच हवी आहे. तिनं 'नाही' म्हटलेलं त्याच्या लक्षात आहे.

आणि आता दावा. शेवटाकडे कॅट रुग्णालयात त्या विषाणूतज्ज्ञापर्यंत पोचते. तो तिला समजावतो की विषाणू मेंदूच्या भावनांशी संबंधित भागात शिरतो, तिथे आक्रमकता आणि कामवासना यांच्या तारा एकमेकींत गुंततात, आणि म्हणून माणसं अशी वागतात. बाधित लोक रडतात, कारण आत कुठेतरी त्यांना आपण काय करतोय ते कळत असतं, फक्त थांबता येत नसतं. ऐकायला एकदम शास्त्रीय. मी दोनदा मागे जाऊन ऐकलं. आता एकेक तपासू.

वेगाचा मुद्दा सोपा आहे. या चित्रपटात माणूस काही मिनिटांत बदलतो. पण कुठलाही विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती बनवून बाहेर पडेपर्यंत काही तास तरी जातातच. मेंदूवर हल्ला करणारा आपल्या ओळखीचा विषाणू म्हणजे रेबीजचा. तो चाव्याच्या जागेपासून नसांमधून सरकत मेंदूकडे जातो, आणि लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. एवढी सूट मात्र प्रत्येक झोंबीपटाला द्यावी लागते, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

मला भांडायचंय ते 'क्रूरता' या शब्दावर. रेबीजच्या विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर सुमारे बारा हजार अक्षरांचा, त्यातून बनतात फक्त पाच प्रथिनं. एवढ्याशा सामानात तो प्राण्याचं वागणं बदलतो, हे खरोखर थक्क करणारं आहे. पण बदलतो म्हणजे काय करतो? २०१७मध्ये अलास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. रेबीजच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा सापाच्या विषातल्या प्रथिनासारखा असतो आणि तो मेंदूतल्या अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना चिकटतो. नुसता तो तुकडा त्यांनी उंदरांच्या मेंदूत सोडला. उंदीर काय झाले? क्रूर नाही झाले. ते नेहमीपेक्षा खूप जास्त पळू लागले. विषाणूला जमतं ते हे: आवाज मोठा करणं. कुठलं गाणं लावायचं ते तो ठरवत नाही.

'भावनांचा भाग बिघडला की माणूस राक्षस होतो' हेही तितकं सरळ नाही. १९३०च्या दशकात क्लूव्हर आणि ब्यूसी या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे कानशिलांकडचे भाग काढले. त्यात अमिग्डाला आलाच. माकडांची कामवासना अस्थानी वाढली, दिसेल ती वस्तू ती तोंडात घालू लागली. इथपर्यंत चित्रपटातल्या डॉक्टरच्या बाजूनं. पण ती आक्रमक झाली नाहीत. उलट विलक्षण शांत झाली, सापालाही घाबरेनाशी झाली. हर्पिसच्या विषाणूनं मेंदूला सूज आल्यावर काही माणसांतही हा लक्षणसमूह दिसतो. वासना आणि हिंसा यांची गाठ मेंदूत आयतीच मारलेली असते आणि विषाणू ती फक्त ओढतो, असं निदान या प्रयोगातून तरी दिसत नाही.

छत्रीवाल्याकडे परत येऊ. त्याचा पाठलाग बघा: चेहरा ओळखणं, आठवण, योजना, टोमणे, अपमानाचा हिशेब. यातलं काहीही बारा हजार अक्षरांत मावणार नाही. हे सगळं त्याच्याकडे सकाळी मेट्रोत बसतानाच होतं. विषाणूनं फार तर ब्रेक काढला. आणि चित्रपटाला हे कुठेतरी माहीतही आहे, कारण विज्ञान सांगणारा तो डॉक्टर स्वतः बाधित नसताना नवजात बाळांवर प्रयोग करून बसलेला आहे. लस शोधण्यासाठी, अर्थात. त्याला कुठला विषाणू झाला होता?

म्हणून डॉक्टरचं भाषण मला चित्रपटाचा सगळ्यात मोठा दोष वाटतं. दीड तास जे डोळ्यांनी दाखवलं ते दोन मिनिटांत तोंडानं पुसून टाकलं. 'त्याचा दोष नाही, विषाणूनं करवून घेतलं' ही पळवाट आपल्याला चांगली परिचयाची आहे. विषाणूच्या जागी दारू, राग, तारुण्य, मोबाइल असं काहीही घाला, वाक्य तेच राहतं.

दुसरा दोष कॅमेऱ्याचा. पुरुष मरतात तेव्हा कॅमेरा चटकन पुढे जातो, बायकांवर अत्याचार होताना रेंगाळतो. मेट्रोतून कॅटनं वाचवलेल्या मुलीचं रुग्णालयात जे होतं ते दाखवण्यामागे मला धक्का देण्यापलीकडे कारण सापडलं नाही. मेट्रोच्या प्रसंगात ज्याला इतकं नेमकं दिसलं होतं, त्याच दिग्दर्शकानं पुढे त्या छत्रीवाल्याच्याच नजरेनं बघावं याचं वाईट वाटतं.

तरीही ते अश्रू मला सोडत नाहीत. जीवशास्त्राच्या दृष्टीनं अश्रूंचा खुलासा दोन प्रकारे करता येतो. मेंदूतला स्वायत्त चेतासंस्थेचा ताबा सुटला की लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी आपोआप वाढतं, त्यात दुःख नसतं. किंवा ते खरंच दुःख असतं. चित्रपट दुसरी बाजू घेतो. आणि रेबीजच्या खऱ्या रुग्णांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. रुग्ण काही मिनिटं प्रचंड अस्वस्थ होतो, भास होतात, मग मधेच एकदम शुद्धीवर येतो. घरच्यांना ओळखतो, बोलतो. त्याला तहान लागलेली असते, पण पाण्याचा पेला जवळ आला की घशाचे स्नायू आकडतात. काय होतंय ते त्याला कळत असतं. लक्षणं सुरू झाल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही.

एक गोष्ट मात्र तो करत नाही: झोंबीसारखा माणसांच्या अंगावर धावून साथ पसरवत नाही. माणसाच्या चाव्यातून दुसऱ्या माणसाला रेबीज झाल्याचं एकही प्रकरण आजवर निश्चित झालेलं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त भारतात. पिसाळलेला माणूस चावतो, कुत्र्यासारखा भुंकतो, या समजुती आपल्याकडे अजून आहेत आणि त्यामुळे शेवटच्या घटकेला माणूस खोलीत एकटा पडतो. पडद्यावरच्या झोंबींचा मूळ पुरुष बऱ्याच अंशी हाच रुग्ण आहे, आणि त्याच्यावर याहून मोठा अन्याय नाही.

तैवानपुरता शेवटचा तपशील. १९६१नंतर तो देश रेबीजमुक्त मानला जात होता. जुलै २०१३मध्ये तिथल्या डोंगरांतल्या फेरेट-बॅजर या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत रेबीज सापडला. जनुकं वाचल्यावर लक्षात आलं की विषाणू बाहेरून नुकताच आलेला नाही, तो कित्येक दशकं तिथेच, रानात होता. कुणी बघितलं नव्हतं, एवढंच.

'द सॅडनेस'चा खरा विषय मला हाच वाटतो. सकाळच्या मेट्रोत सुटातला माणूस शेजारी येऊन बसतो तेव्हा साथ सुरू व्हायची असते. आजूबाजूला डबा भरलेला असतो, सगळे फोनमध्ये बघत असतात. चित्रपट तिथेच थांबला असता तरी तो भयपटच ठरला असता.

(कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. विषाणूला मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्याच वेळेत आपण जिंकतो.)