पेटीतला निसर्ग आणि पेटीबाहेरचा

वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. पुढे त्या संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे. याच शहरात २००९ साली विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. वाचकांच्या एका गटाला पुस्तकांची पेटी द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. खर्च देणगीदारांचा, वाचन विनामूल्य. या पेट्या पुढे दुबईपर्यंत पोहोचल्या.

पर्यावरण आणि निसर्गाला धरून जगणे या विषयांसाठीही अशीच पेटी का असू नये, असे शिक्षक आम्हाला अनेकदा विचारतात. प्रश्न योग्य आहे. पर्यावरणशिक्षण शाळेत हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. तेव्हापासून विषय आला, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या; शिक्षकांच्या हाती साधने मात्र फारशी आली नाहीत. तरीही साहित्याच्या पेटीचा साचा जसाच्या तसा उचलणे आम्हाला चुकीचे वाटते. त्याची कारणे सांगतो.

कादंबरी स्वयंपूर्ण असते. ती नाशिकरोडला वाचा की दुबईला, तिचे पान बदलत नाही. म्हणूनच फिरती पेटी तिला शोभते. पर्यावरणाचे पुस्तक मात्र नेहमी कोणत्या तरी एका जागेबद्दल बोलत असते. आपला नाशिक जिल्हाच पाहा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे सिन्नर-येवल्याला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. एसटीने काही तासांत तोडता येणाऱ्या या अंतरात भाताची जागा बाजरी घेते. दोन्हीकडच्या शाळांना ‘पाणी वाचवा’ असे सांगणारे एकच पुस्तक दिले, तर ते कोणाच्याच कामाचे राहत नाही. एकीकडे प्रश्न वाहून जाणाऱ्या पाण्याचा आणि मातीचा, दुसरीकडे पाणी मुळात नसण्याचा.

गाजलेल्या पुस्तकांनाही हीच कसोटी लावावी. मासानोबू फुकुओका यांचे ‘वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन’ हे १९७५ सालचे जपानी पुस्तक जगभर वाचले गेले, मराठीतही आले. नांगरणीशिवाय शेती करता येते, हे त्यांनी स्वतःच्या शेतावर वर्षानुवर्षे करून दाखवले. पुस्तक विचार करायला लावते यात शंका नाही. पण त्यांचे शेत शिकोकू बेटावर होते. तिथे पाऊस वर्षभर थोडाफार पडत राहतो. आपल्याकडे चार महिन्यांनंतर आठ महिने जमीन तापते. जमिनीवर पसरलेला पेंढा तिथे कुजतो, इथे उन्हाळ्यात नुसता वाळतो. पुस्तक वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलाने ते पाककृतीसारखे वाचले तर त्याचा हंगाम जाईल. ‘हे इथे चालेल का, हे कसे तपासाल?’ असा प्रश्न शिक्षकाने सोबत विचारला, तरच हे पुस्तक पेटीत असावे.

याउलट सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ पाहा. १९४१ सालच्या या पुस्तकाची भाषा इंग्रजी असली, तरी त्याची पद्धत शिक्षकाची आहे. पक्षी केवढा, हे ते चिमणी, बुलबुल, साळुंकी अशा ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून सांगते. वाचकाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीपासून ते सुरुवात करते आणि लगेच त्याला घराबाहेर काढते. नांदूरमधमेश्वरला, रामसर यादीत आलेल्या महाराष्ट्रातल्या त्या पहिल्या पाणथळीवर, हे पुस्तक घेऊन गेलेला विद्यार्थी पुस्तकाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त पाहतो. पर्यावरणाच्या चांगल्या पुस्तकाची आमची खूण हीच.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका शाळेला पर्यावरणाची पेटी दिली होती. देवमासे, पेंग्विन, अमेझॉनचे जंगल अशी गुळगुळीत कागदाची, रंगीत पुस्तके त्यात होती. वर्षभराने पेटी परत आली तेव्हा बहुतेक पुस्तके कोरी करकरीत होती. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात होती, असे कळले. पुस्तके महागडी, फाटली तर जबाबदार कोण, अशी त्यांची काळजी. तेव्हा आम्हाला त्यांचा राग आला. आज वाटते, दोष आमचाच अधिक होता. शाळेपासून हाकेच्या अंतरावर ओढा होता आणि त्या ओढ्याबद्दल आमच्या पेटीत एक ओळही नव्हती.

अशा पेटीत पुस्तकांबरोबर साधने हवीत: भिंग, तापमापक, आम्लता पाहण्याचे कागद, पर्जन्यमापक, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा संच. हे सगळे प्रत्येक शाळेने विकत घेणे परवडत नाही, त्याची गरजही नाही. वर्षातून चार-सहा वेळा लागणारी वस्तू चार-सहा शाळांनी वाटून घ्यावी. अमेरिकेतील बर्कली शहराचे सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून पुस्तकांप्रमाणे अवजारेही उसनी देते.

साधन हाती आले की प्रश्न खरे होतात. आंघोळीयोग्य पाण्याच्या एका लिटरात किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन असावा, असा आपल्या देशाचा निकष आहे. समजा, गोदावरीच्या एखाद्या डोहावर मुलांनी दुपारी दोन वाजता मोजणी केली आणि आकडा ८ आला. पाणी चांगले? घाई नको. पाणी शेवाळाने हिरवे असेल तर उन्हात तेच शेवाळ ऑक्सिजन सोडते; रात्री ते आणि जिवाणू तो वापरतात. त्याच डोहात पहाटे ऑक्सिजन निकषाच्या खाली गेलेला सापडू शकतो. म्हणून नोंदीत वेळ आणि तापमान हवेच. पुस्तकातले वाक्य मुले विसरतील. आपलेच दोन आकडे का जुळले नाहीत, याचा शोध घेतलेला विसरणार नाहीत.

यातूनच पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तयार होते, ती म्हणजे नोंदवही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. त्यांच्या बियाणे बँकेची रीत अशी की नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करायचे. पुस्तक जसे नेले तसे परत यावे, ही वाचनालयाची अपेक्षा. बियाणे मात्र वाढून परत येते. पर्यावरणाच्या पेटीला आम्ही बियाण्याचा नियम लावू. प्रत्येक शाळेने पेटीत आपली मोजणी, पावसाचे आकडे, झाडांची स्थानिक नावे, गावातल्या जाणत्यांनी सांगितलेली माहिती भरून पुढच्या शाळेला द्यावी. दहा वर्षांनी त्या वह्यांत जिल्ह्याची जी माहिती साठेल, ती विकतच्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

आक्षेप येतील. काच फुटेल, रसायनांची मुदत संपेल, ऑक्सिजनच्या तपासणीत तीव्र आम्ल लागते म्हणून शिक्षक समोर हवाच. मुलांच्या आकड्यांत चुकाही असतील. हे सारे खरे आहे. म्हणून आरंभ रसायनांनी करू नये. पर्जन्यमापक, तापमापक आणि वही एवढ्यावर पहिले वर्ष काढावे. फुटलेल्या वस्तूचे पैसे मुलांकडून वसूल करू नयेत, नाहीतर किल्ली पुन्हा खणात जाईल. आणि चुकीचा आकडा खोडू नये. शेजारी शंका लिहावी.

येत्या जूनमध्ये इगतपुरीची एक आणि सिन्नरची एक अशा दोन शाळांनी एकाच मापाच्या सरळ बाटल्यांचे पर्जन्यमापक करून रोज सकाळी एकाच वेळी नोंद ठेवावी, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्यांची अदलाबदल करावी. पेटी त्यानंतर मागवली तरी चालेल.