पाद्री-गुरूला प्रश्न विचारणारा माणूस

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या गौरवाच्या ओव्या मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवल्या. रत्न, मोगरी, कस्तुरी अशा उपमांच्या त्या ओव्या मुलांना आवडत. मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणांतही त्या हमखास येतात. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातल्या या चार-पाच ओव्या. उरलेला ग्रंथ मी सलग वाचला तो निवृत्तीनंतर, हे आधीच कबूल करतो. तेव्हा लक्षात आले की, ज्या पहिल्या अवस्वरूत (अध्यायाला स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतात) हा गौरव येतो, त्याच अवस्वरूत एक माणूस पाद्रीला प्रश्न विचारतो. तो प्रश्न मी एकदाही शिकवला नव्हता. ‘ख्रिस्तपुराण’ समजून घ्यायचे तर त्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते, असे आता माझे मत झाले आहे.

प्रसंग साष्टीतला आहे. देवळात (ख्रिस्ती देवळात) मुलांना धर्मतत्त्वे शिकवली जात आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री-गुरूंपाशी येतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : तुम्ही शिकवता ते चांगले आहे, पण आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? ती असती तर आम्ही वाचली असती, आमचा वेळ सत्कारणी लागला असता. या मागणीतून पुढची कथा सुरू होते.

हा प्रश्न ज्याला विचारला गेला, तो माणूस फार लांबून आला होता. स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. कॅथलिक पंथीयांना तेव्हा त्या देशात मोकळेपणाने राहणे अवघड झाले होते. स्टीफन्स रोमला गेले, १५७५मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गोव्याकडे निघाले. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना १० नोव्हेंबरच्या पत्रात लिहून पाठवले. हे पत्र पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. धर्म शिकवायला निघालेला हा माणूस परत गेला नाही. १६१९मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षांच्या त्या वास्तव्याचा बहुतेक काळ साष्टीत गेला.

ती साष्टी कशी होती, हे गौरवाच्या ओव्या शिकवताना मी सांगत नसे. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली हिंदूंची देवळे पद्धतशीरपणे पाडली होती. पोथ्या जप्त होत होत्या. त्यांतल्या काहींमधला मजकूर भाषा आणि धर्म जाणून घेण्यासाठी रोमन लिपीत उतरवून घेतला गेला. अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या ग्रंथालयात आहेत. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे सत्तेने गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी असोळण्याला बोलावून मारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी भावाला पत्र लिहिले. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी आहे, असे निरीक्षण त्या पत्रात आहे. भाषांच्या नात्याविषयीची इतकी जुनी युरोपीय नोंद विरळाच. ज्या महिन्यांत साष्टीत माणसे मारली जात होती, त्याच महिन्यांत हा माणूस तिथल्या भाषेचे व्याकरण कान देऊन ऐकत होता. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करून स्टीफन्स वाचता येत नाहीत.

आता त्या प्रश्नाकडे परत येतो. तो विचारणारा ‘ब्राह्मण’ खरोखर होता की स्टीफन्स यांनी कल्पिला? संवादाची चौकट पुराणांना नवी नाही. शौनकाने विचारावे, सूताने सांगावे, ही जुनी रीत. तेव्हा हा प्रश्नकर्ता वाङ्मयीन योजनेचा भाग आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर मी तो मान्य करीन. पण योजना म्हणून पाहिले तरी तिच्यात एक वास्तव उघडपणे आले आहे. पाद्रीने लिहिलेल्या आणि धर्मसत्तेच्या परवानगीने छापलेल्या ग्रंथात, तुम्ही आमची पुराणे बंद केलीत, हे वाक्य श्रोत्याच्या तोंडी आहे. स्टीफन्स ते वगळू शकले असते. देवाच्या प्रेरणेने मी हे लिहितो, एवढे म्हणून भागले असते. त्याऐवजी त्यांनी आपल्या ग्रंथाचे कारण एका अभावात दाखवले.

आणि एकदा हे कारण मान्य केले की ग्रंथाचे रूपही ठरून जाते. ऐकणाऱ्याला पुराणाची सवय होती, म्हणून ओवी आली. चार चरणांची, पहिल्या तीन चरणांत यमक असलेली. मंगलाचरणाचा साचा ‘ज्ञानेश्वरी’ची आठवण करून देणारा आहे, फक्त नमन आता ख्रिस्ती परमेश्वराला, मरियेला आणि संतांना आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बिनधास्त येतो. बायबलमधले जुन्या करारातले कथन ‘पहिल्या पुराणा’च्या छत्तीस अवस्वरूंत आणि ख्रिस्तचरित्र ‘दुसऱ्या पुराणा’च्या एकोणसाठ अवस्वरूंत विभागले आहे. प्रस्तावनेत स्टीफन्स आपला हिशेब सांगतात : देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्यांना अवघड जाते, म्हणून तिच्यात इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. हा निर्णय श्रोत्याच्या तोंडाकडे पाहून घेतलेला आहे. एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’चे पाठशुद्धीचे काम १५८४मध्ये पूर्ण केले, तेव्हा स्टीफन्स साष्टीत होते. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही; पण लोकांना कळेल अशा ओवीत शास्त्र सांगायचे, ही त्या काळाची गरज दोघांनीही ओळखली होती.

श्रोता नुसता सुरुवातीला येऊन जात नाही. कथा चालू असताना तो मध्येच शंका काढतो. गालिलातल्या काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, तिथे ही गंमत सगळ्यांत चांगली दिसते. ज्या समाजात मद्य हे उच्चवर्णीयांना निषिद्ध, तिथल्या श्रोत्याला हा चमत्कार पचणे कठीण. पाद्री-गुरूंना कथा थांबवून द्राक्षारसाचे समर्थन करावे लागते. युरोपातल्या प्रवचनकाराला ही अडचण कधीच आली नसती. शिकवणारा बायबल घेऊन आला, पण ते कुठे अडेल हे ऐकणाऱ्याने ठरवले.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो, तर स्टीफन्स यांच्या कौतुकात आणखी एक भर पडली असती. पण त्या प्रश्नातल्या एका मौनाकडे दुर्लक्ष करता येत नाही. तो माणूस ‘दुसरी’ पुराणे मागतो. आमची पुराणे परत द्या, असे तो म्हणत नाही. ती का बंद केली, असेही विचारत नाही. ग्रंथात त्याला शंका काढायची मुभा आहे, ती पाद्रीच्या अंगणात. त्या अंगणाबाहेर विचारलेल्या प्रश्नांचे काय होई, ते कुंकळ्ळीने पाहिले होते. ‘ख्रिस्तपुराण’ सुंदर आहे, आणि ते रिकाम्या केलेल्या जागेवर बांधलेले आहे. आपल्याकडे स्टीफन्स यांचे भक्त पहिले वाक्य बोलतात, टीकाकार दुसरे. दोघांनाही प्रश्नकर्त्याची गरज वाटत नाही. खरे तर दोन्ही वाक्ये त्याच्याच तोंडी एकत्र आलेली आहेत.

त्या सत्तेला पुढे स्टीफन्सही परवडले नाहीत. देशी लिपीत ग्रंथ छापावेत, ही त्यांची इच्छा होती. १६०८च्या पत्रात त्यांनी ती रोमला कळवली. युरोपच्या चोवीस अक्षरांच्या तुलनेत इथे सहाशेच्या आसपास साचे लागतील, ही अडचण होती. १६१६मध्ये ग्रंथ रायतूरला छापला गेला तो रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४मध्ये तो पुन्हा निघाला. त्यानंतर तीसच वर्षांनी, १६८४मध्ये, व्हाइसरॉयने गोव्यातल्या लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. विशेषतः गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा सर्वसाधारण मराठी वाचकाला तो हाती धरता आला. पुराणे हरवलेल्या माणसाने मागून घेतलेले पुराणही असे पोथ्यांच्याच आधाराने वाचले, हे विसरू नये.

मला पुन्हा वर्गात उभे राहता आले तर गौरवाच्या त्या ओव्या मी शिकवीनच. त्या गाळण्याचे काही कारण नाही. पण त्यानंतर पुस्तक मिटणार नाही. त्याच अवस्वरूत पुढे जाऊन तो ब्राह्मण काय विचारतो ते वाचून घेईन, आणि मुलांना विचारीन की याने काय मागितले, आणि काय मागायचे टाळले. उत्तरे काय येतील, ते मला आज सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत ती ऐकण्याची संधी मी स्वतःच घालवली.