दिव्याखालचा अंधार : दीपगृह, मांजर आणि एक पेपर

दीपगृहाचा फोटो दिसला की स्क्रोल करणारं बोट थांबतं. खवळलेला समुद्र, काळा कडा, घिरट्या घालणारे पक्षी आणि एकटा मनोरा. हे आकर्षण तसं निरुपद्रवी वाटतं. पण संशोधनात ते पुरावा तपासण्याआधीच आपलं मत बनवून टाकतं. कसं, ते एका उदाहरणातून बघू.

न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत स्टीफन्स नावाचं बेट आहे. तिथलं दीपगृह १८९४ साली सुरू झालं. गोष्ट अशी सांगतात : तिथला सहायक रखवालदार डेव्हिड लायल याचं मांजर एक चिमुकला, न उडणारा पक्षी मारून आणायचं. त्यामुळेच तो पक्षी जगाला कळला, आणि त्याच एका मांजराने तो संपवलाही. ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल.

२००४ साली रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राउन यांनी 'नोटोर्निस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात ही गोष्ट तपासली. त्यांनी जुन्या नोंदी, पत्रव्यवहार आणि संग्रहालयांतले नमुने एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून दिसलं ते असं : पक्षी एका फटक्यात संपला नव्हता, पहिल्या नमुन्यांनंतरही तो मिळत राहिला. आणि मांजर एक नव्हतं. बेटावर मांजरांची संख्या वाढत गेली, पुढे रखवालदारांना ती मारावी लागली.

या पेपरची ताकद त्याच्या साधेपणात आहे. नवं यंत्र नाही, नवा सिद्धांत नाही. फक्त 'हे आपल्याला कुणी सांगितलं, आणि कधी?' हा प्रश्न चिकाटीने विचारलाय.

पण मला खरा प्रश्न पडतो तो पुढचा. पुरावा कच्चा असूनही ही गोष्ट इतकी टिकली का? माझ्या मते, दीपगृहामुळे. एक बेट, एक माणूस, एक मांजर, एक पक्षी : एकांताचं चित्र कसं अगदी पूर्ण होतं! प्रत्यक्षात ते बेट गजबजलेलं होतं. रखवालदारांची कुटुंबं होती. फेअरी प्रायन हे समुद्रपक्षी तिथे लाखोंच्या संख्येने जमिनीत बिळं करून घरटी करतात, आणि तुआतारा हे सरपटणारे प्राणी त्याच बिळांत राहतात. एकांत बेटावर नव्हता, तो आपण तिथे नेला.

याहून मोठी गोष्ट म्हणजे हा पक्षी एकेकाळी न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही होता. त्याची हाडं तिथे सापडली आहेत. माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी तो तिथून बहुधा आधीच संपवला होता. म्हणजे बेटावर घडला तो फक्त शेवटचा अंक. पण मुख्य भूमीवरच्या त्या ऱ्हासाला ना मनोरा होता, ना नाव असलेला साक्षीदार. मग त्याची गोष्ट कोण सांगणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गंमत बघा, पेपरच्या शीर्षकातही पुढे येतं ते रखवालदाराचं मांजरच!

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या विषयातलं जे उदाहरण सगळे प्रस्तावनेत वापरतात, ते एकदा मुळापर्यंत शोधा. सगळ्यात जुनी नोंद नेमकं काय म्हणते, ते स्वतः वाचा. आणि ते उदाहरण तुम्हाला इतकं आवडलं का, हेही वहीत लिहून ठेवा. बरेचदा शंका घ्यायची जागा तिथेच असते.