नावात विश्राम, नशिबात कचेरी

थोरल्या बाजीरावाच्या नावाच्या रस्त्यावर धाकट्या बाजीरावाचा वाडा उभा आहे, हा खास पुणेरी खवचटपणा! थोरल्यानं लढाया केल्या, त्याला रस्ता मिळाला. धाकट्याची विश्रामबाग राहिली. 1807 च्या सुमारास दोनेक लाख रुपये ओतून बांधलेला हा वाडा. तिथं जेमतेम दहा वर्षं सुख लागतंय, तोच 1817 साली खडकीची लढाई झाली आणि मालकानं जागा खाली केली.

पण धन्याचं पाप सुताराच्या माथी मारू नये. रस्त्याकडची बाजू पाहा. लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर, वर निमुळते. हा घाट मोगली. म्हणजे दिल्लीशी भांडण आणि खांब मात्र तिकडचे! आत चौक. उजेड आणि वारा दोन्ही फुकट. आमच्या माण-हिंजवडीकडे आधी काच लावतात, मग ती तापते म्हणून पडदे, मग अंधार होतो म्हणून भरदुपारी दिवे आणि या सगळ्यावर उतारा म्हणून एसी. एवढं करून जाहिरातीत काय, तर 'राजेशाही थाट'!

आणखी एक गंमत. 1879 च्या आगीत वाड्याची पुढची बाजू जळाली. ती लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभी राहिली. तेव्हा जे पाहून आपण 'वा, पेशवाई!' म्हणतो, त्यात इंग्रजी अमदानीतल्या पुणेकरांच्या खिशातली नाणीही आहेत. मला तर वाड्याचा हाच भाग सर्वांत श्रीमंत वाटतो.

लोकांनी पैसे का दिले? वाडा उपयोगातला होता म्हणून. 1821 पासून तिथं संस्कृत पाठशाळा भरली. पुढं नगरपालिकेची कचेरी आली, ती 1959 पर्यंत. शनिवारवाडा 1828 साली जळाला, त्याचा तट आणि जोती तेवढी उरली.

म्हणून गुंठ्याचा भाव ऐकून जुना वाडा पाडायला निघालेल्या आमच्या मंडळींना एवढंच सांगणं: बाबांनो, आधी त्यात एखादी शाळा भरवून पाहा. तेही जमत नसेल तर एखादी कचेरी घुसवा. ती एकदा आत शिरली की सहजासहजी हलत नाही, आणि तिच्या आधारानं वाडाही हलत नाही!