निवड हीच निर्मिति काय?

कार्ल सिम्स ह्या अमेरिकन कलावंताची 'गॅलापॅगोस' ही कृति १९९७ सालीं तोक्यो येथें मांडण्यांत आली. बारा पडदे कमानीसारखे उभे केलेले. प्रत्येकावर संगणकानें रचलेला एकेक काल्पनिक जीव हालचाल करीत आहे. आणि प्रेक्षकानें, जो आवडेल त्याच्यासमोर जाऊन उभें राहावयाचें, अशी ही योजना. पायांखालील पट्टी ती निवड टिपी. नाकारलेले जीव नाहींसे होत, आणि निवडलेल्यांचे गुण एकत्र करून व त्यांत थोडा फेरबदल करून, त्यांच्या जागीं नवी पिढी येई.

ह्या कल्पनेचें बीज रिचर्ड डॉकिन्स ह्यांच्या १९८६ सालच्या 'द ब्लाइंड वॉचमेकर' ह्या ग्रंथांत आहे. अवघ्या नऊ गुणघटकांवर बेतलेल्या आपल्या आकृतींतून वृक्ष निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. निवडतां निवडतां त्यांच्यापुढें कीटक येऊन उभे राहिले!

मग ह्यांत निवडणाऱ्याचें कर्तृत्व तें कोणतें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पेरणीसाठीं भरलेलें कणीस बाजूस काढणारा शेतकरी दाणा घडवीत नाहीं, तरी त्या वाणाचें श्रेय आपण त्यालाच देतों. सौंदर्य मोजण्याचें सूत्र ह्या यंत्रापाशीं नाहीं. तें न थकतां पर्याय पुढें करतें आणि मनुष्य त्यांना दिशा देतो, ही सांगड खरोखर मोलाची आहे.

परंतु शेतकऱ्याच्या निवडीमागें वर्षानुवर्षांचा एक हेतु असतो. 'गॅलापॅगोस'पुढें तो कोणाचा? एकानें चार पिढ्या जोपासलेला वंश पुढचा प्रेक्षक एका पावलानें मोडूं शके. शिवाय अशा प्रयोगांत माणूस लौकरच थकतो आणि थकलेला डोळा समोर येईल तें पसंत करतो, ही अडचण ह्या विषयाचे अभ्यासकही मान्य करतात. सिम्स ह्यांनीं आखलेल्या नियमांचें श्रेय मोठें आहे. प्रेक्षकाच्या वांट्यास आलेलें कर्तेपण मात्र नांवापुरतेंच ठरतें.

ह्यावरून ही कलाच खोटी, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. विल्यम लेथम ह्या इंग्रज कलावंतानें स्टीफन टॉड ह्यांच्या साहाय्यानें अशाच रीतीनें आकृति वाढविल्या, व १९९२ सालीं त्या दोघांनीं त्यावर ग्रंथही लिहिला. त्या आकृतींवर एका माणसाच्या रुचीची खूण ओळखूं येते. आपणांस काय नको हें जाणून, दीर्घकाळ, एका हेतूनें नाकारीत जाणाऱ्यास कर्ता म्हणण्यास आमची हरकत नाहीं.