एकटी आयला, एकटा कोणीच नाही

जीन आऊल यांच्या ‘द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर’ (१९८०) या कादंबरीत भूकंपात पोरकी झालेली आयला निअँडरथल टोळीत वाढते. पुढच्या ‘द व्हॅली ऑफ हॉर्सेस’मध्ये (१९८२) ती एकटी राहून घोडा माणसाळवते, ठिणगी पाडून अग्नी पेटवते आणि जखमी जोंडालरला वाचवून त्याच्या प्रेमात पडते. हे सारे रंजक आहे. पण शोध असे एकाच व्यक्तीच्या हातून लागत नसतात. कथेचा काळ सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचा, तर घोडा पाळल्याचे पुरावे फार तर साडेपाच हजार वर्षे मागे जातात.

आम्हांला अधिक खरा वाटतो तो पहिल्या कादंबरीतला अपंग क्रेब. इराकमधील शानिदार गुहेत १९५७ साली सापडलेल्या निअँडरथल पुरुषाचा उजवा हात निकामी होता. तरीही तो पुढे कित्येक वर्षे जगला. अर्थात, टोळीने त्याला सांभाळले असणार.

दोन्ही मानवांचा संकर झाला होता, हे २०१० साली निअँडरथल जनुकसंचाच्या अभ्यासातून दिसले. त्यात प्रेम होते की बळजबरी, हे मात्र डीएनए सांगत नाही.

शिक्षकांनी या कथा वर्गात जरूर सांगाव्यात. प्रत्येक प्रसंगी ‘याला पुरावा काय?’ एवढे विद्यार्थ्यांना विचारू द्यावे.